मासा मागे येतो, पण घेत नाही : मिनोच्या रूपातील स्ट्रीमर आणि ट्राउट

संथपाणी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी ट्राउटसाठी प्रामुख्याने स्ट्रीमरच वापरत आहे, म्हणजे पृष्ठभागावर तरंगणाऱ्या किड्याच्या ऐवजी पाण्याखाली पोहणाऱ्या लहान माशाचे सोंग घेणारी फ्लाय (गळावर पिसे, केस, धागे बांधून केलेले आमिष). ब्राउन ट्राउट साधारण ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढला की त्याच्या आहारात माशांचा वाटा वाढू लागतो, आणि मोठा मासा हवा असेल तर त्याला मोठा घास दाखवावा, एवढाच माझा त्यामागचा विचार होता.

फ्लाय मी स्वतः बांधतो. सध्याची माझी आवडती फ्लाय ७ सेंटिमीटर लांबीची आहे : पाठ शेवाळी, पोट पांढरे, दोन्ही बाजूंना काळ्या धाग्याची आडवी रेघ, तिच्याखाली चंदेरी झळाळी, डोके इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने घडवलेले आणि त्यावर बाहुलीसकट डोळे. हातात घेतली तर खऱ्या मिनोपासून, म्हणजे गोड्या पाण्यातील त्या लहान माशापासून, वेगळी ओळखणे कठीण जाते, असे मी थोड्या अभिमानाने म्हणू शकतो. दोर तरंगता, ६ वजन-क्रमांकाचा, लीडर (दोर आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) २.७ मीटरचा.

अडचण अशी आहे की मासा येतो, पण घेत नाही. स्वच्छ पाण्यात, समोरच्या काठाकडे आणि प्रवाहाच्या किंचित खालच्या अंगाला फ्लाय टाकून मी ती साधारण वीतभर लांबीच्या एकसारख्या ओढींनी परत आणतो. काठाच्या कपारीतून ट्राउट निघतो, तीनचार मीटर फ्लायच्या मागे येतो, नाक जवळजवळ शेपटीला लावतो आणि मग काहीच घडले नाही असे दाखवत वळून जातो. मागच्या खेपेला एका दुपारी असे अकरा पाठलाग मोजले. त्यांपैकी एकाने फ्लायला ओझरता स्पर्श केला. हाती एकही लागला नाही. दोष फ्लायमध्ये आहे, पाण्यात आहे की माझ्या हातात आहे, हे कळत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

खंड्या

अकरा मासे कपारीतून बाहेर आले, याचा अर्थ फ्लायचा आकार, रंग आणि टाकण्याची जागा यांत मोठी चूक नाही. आपल्याच वर्णनातील ‘एकसारख्या ओढींनी’ हे शब्द मात्र मला खटकले. पाठीशी शत्रू आला असताना कोणताही लहान मासा शिवणयंत्राच्या लयीत पोहत नाही. तो दचकतो, सुसाट सुटतो, दिशा बदलतो, क्षणभर थबकतो आणि पुन्हा सुटतो. ट्राउट मागे आला तेव्हा आपली फ्लाय जशी होती तशीच चालत राहिली असणार, आणि आपल्याला न घाबरणारा मिनो पाहून ट्राउटलाच शंका आली असणार.

माझा सल्ला असा की दोन छोट्या ओढी, एक लांब ओढ, मग विराम, असा क्रम धरावा आणि तोही दर वेळी मोडत राहावा. बहुतेक मासे विरामातच घेतात. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये कोरलेल्या बुचाच्या माशामागेही हेच निरीक्षण असल्याचे सांगतात : थव्यातला जो मासा जरा डगमगत पोहतो, त्याच्यावरच शिकारी मासा आधी झडप घालतो. ते आमिष फ्लायच्या जातीचे नव्हे, पण शिकाऱ्याची नजर तीच आहे.

उलटीधार

खंड्या यांच्याशी अर्धा सहमत आहे. लय मोडावी, हे खरे. परंतु पाठलाग सुरू असताना थांबावे, हे मला मान्य नाही. ट्राउट शेपटीशी आला आणि मिनो थांबला, हे दृश्य निसर्गात कुठे दिसते? जिवाच्या आकांताने पळणारा प्राणी शत्रू एका नाकाच्या अंतरावर असताना विश्रांती घेत नाही. माझ्या अनुभवात मागे आलेला मासा घ्यायला लावायचा असेल तर वेग वाढवावा. घास निसटतो आहे असे वाटले की विचार करायला त्याला अवकाश उरत नाही. फ्लाय थांबली की त्याला ती न्याहाळायला भरपूर वेळ मिळतो, आणि न्याहाळल्यावर पिसे, धागा आणि इपॉक्सी यांचे पितळ उघडे पडणारच.

आणखी एक मुद्दा दिशेचा. लहान मासा जोरदार प्रवाहाविरुद्ध सरळ वर फार अंतर पळू शकत नाही. तो प्रवाहाबरोबर खाली किंवा आडवा काठाकडे पळतो. आपण खालच्या अंगाला फ्लाय टाकून ती वर खेचता, तेव्हा ७ सेंटिमीटरचा मिनो धारेला कापत वर चाललेला दिसतो. एखाद्या वेळी वरच्या अंगाला टाकून प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगाने खाली आणून पाहा. दोर सैल पडू न देण्याची कसरत करावी लागते, हात दुखतात, पण मासा बाजूने येऊन घेतो.

पिसारा

वेग आणि विराम यांचा वाद चालू द्या. मला फ्लायविषयी बोलायचे आहे. धागाकर्त्यांनी एक प्रयोग करावा. ती देखणी फ्लाय लीडरला बांधून बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवावी, ओढावी आणि सोडावी. मला भीती अशी आहे की ती काडीसारखी ताठ राहील. इपॉक्सीचे डोके, त्यामागे दाट कृत्रिम तंतू, त्यात चंदेरी पट्ट्या : ही रचना मेजावर माशासारखी दिसते, पण पाण्यात तिचे काहीच हलत नाही. मीही अशा सुबक फ्लाय अनेक हिवाळे बांधल्या आणि त्या पेटीत ठेवून इतरांना दाखवण्यासाठी फार उपयोगी पडल्या.

साहित्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. माराबू, म्हणजे आज टर्कीचे मऊ पीस, कोरडे असताना फुगलेले दिसते. भिजले की चिमूटभर उरते, पण पाण्याच्या हलक्याशा स्पर्शानेही श्वास घेतल्यासारखे उघडते आणि मिटते. सशाच्या कातडीची पट्टी फ्लाय थांबली तरी वळवळत राहते. डॅन बायफर्ड यांची झोंकर ही फ्लाय तिच्यावरच उभी आहे. हरणाच्या शेपटीचे केस याहून ताठ असतात, म्हणून ते विरळ बांधावेत, इतके विरळ की फ्लाय उजेडासमोर धरली असता आरपार दिसावे. मिनोचे अंगही अर्धपारदर्शक असते, ही गोष्ट दाट बांधणारा विसरतो.

जुन्या काळचा एक दाखला देतो. अमेरिकेतील मेन राज्यात अप्पर डॅम येथे कॅरी स्टीव्हन्स यांनी जुलै १९२४ मध्ये स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट धरला. त्या व्यवसायाने टोप्या सजवणाऱ्या होत्या, फ्लाय शिकंज्यात न धरता हातातच बांधत, आणि तिथल्या स्मेल्ट या लहान माशाचे रूप त्यांनी लांब, निमुळत्या, एकमेकांवर बसवलेल्या पिसांतून साधले. पुढे प्रसिद्धी पावलेली त्यांची ग्रे घोस्ट फ्लाय पाहिली तर तिच्यात खवले नाहीत, माशाचे पर नाहीत. आहे ती सडपातळ बाह्याकृती आणि पाण्यात थरथरणारी पिसे.

नवशिका

मधेच विचारतो, क्षमस्व. मडलर मिनो, क्लाउझर मिनो आणि वुली बगर या तिन्ही फ्लाय मिनोच्याच समजाव्यात का? दुकानात सगळ्या एकाच खणात असतात.

पिसारा

नाही, आणि हा फरक समजला तर फ्लाय कुठे आणि कशी चालवायची हेही कळते. मडलर मिनो ही डॉन गॅपेन यांनी १९३० च्या दशकात ओंटारिओतील निपिगॉन नदीसाठी बांधली, पण नावात मिनो असूनही तिने रूप घेतले स्कल्पिनचे. स्कल्पिन हा रुंद डोक्याचा, तळाला चिकटून राहणारा मासा. त्याला हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो मधल्या पाण्यात तरंगत राहू शकत नाही, दगडावरून दगडाकडे छोटी झेप घेतो आणि पुन्हा बसतो. खरे मिनो, म्हणजे डेस, शायनर वगैरे, थव्याने मधल्या पाण्यात हिंडतात. म्हणून स्कल्पिनची फ्लाय तळाशी घासत, थांबत आणावी. मिनोची फ्लाय तळापासून वर, मोकळ्या पाण्यात चालवावी.

क्लाउझर मिनो बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील सस्क्वेहॅना नदीतील स्मॉलमाउथ बास या माशासाठी तयार केली. तिचे डंबेलच्या आकाराचे जड डोळे गळाच्या दांडीवर वरच्या अंगाला बांधतात, त्या वजनाने फ्लाय उलटी होते आणि गळाचे टोक वर राहते. परिणामी ती दगडांत कमी अडकते. वुली बगरचे तर मूळच निराळे : रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये ती बांधली ती डॉब्सनफ्लाय या किड्याच्या पाण्यातील अळीसाठी. ट्राउट तिला अळी समजतो, जळू समजतो की मासा, हे ट्राउटलाच ठाऊक. तिची शेपूट माराबूची आहे, यातच तिच्या यशाचे बरेचसे कारण सामावलेले असावे.

तळठाव

सर्वांनी फ्लाय आणि हाताचा विचार केला. दोराचा कुणीच केला नाही. तरंगता दोर आणि २.७ मीटरचा लीडर, त्यावर ओढीमागून ओढ : प्रत्येक ओढीला फ्लाय वर उचलली जाते. कपारीतून निघालेला ट्राउट तिच्या मागे चढत चढत उजेडात येतो आणि तिथे त्याचे धैर्य संपते. आपण सांगितलेले ‘तीनचार मीटर मागे येऊन वळणे’ मला तरी पाण्याचा थर सोडायला तयार नसलेल्या माशाचे लक्षण वाटते.

बुडणाऱ्या टोकाचा दोर वापरून पाहावा. बुडण्याच्या वेगानुसार ३ क्रमांकाचा दोर स्थिर पाण्यात सेकंदाला ७ ते ८ सेंटिमीटर बुडतो, ६ क्रमांकाचा सुमारे १५. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांचा हिशेब पाण्यात मांडावा. डोह दीड मीटर खोल असेल तर ६ क्रमांकालाही तळ गाठायला १० सेकंद लागतात, आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर तेवढ्या वेळात फ्लाय ५ मीटर खाली वाहून गेलेली असते. म्हणजे मासा जिथे आहे तिथे फ्लाय टाकून चालत नाही. त्याच्या वरच्या अंगाला तेवढे अंतर राखून ती टाकावी लागते, आणि दोर पाण्यावर पडताच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटून त्याला सैलपणा द्यावा लागतो. ताणलेला दोर बुडत नाही.

बुडत्या दोराबरोबर लीडर मात्र आखूड हवा, एक ते सव्वा मीटर. लांब ठेवला तर दोर तळाला आणि फ्लाय वर तरंगत, अशी विनोदी अवस्था होते. टिपेटही, म्हणजे लीडरचे फ्लायकडचे बारीक टोकही, जाड चालते : ० एक्स म्हणजे ०.२८ मिलिमीटर, ३ एक्स म्हणजे ०.२० मिलिमीटर, या मर्यादेत राहावे. हलत्या घासाच्या मागे लागलेला मासा टिपेट मोजत बसत नाही, आणि बारीक टिपेट जोरदार पकडीच्या क्षणी तुटते.

उलटीधार

दोराविषयी मान्य. मात्र धागाकर्त्यांचे पाणी स्वच्छ आणि बहुधा उथळ आहे, नाहीतर अकरा पाठलाग त्यांना दिसलेच नसते. पाऊण मीटर पाण्यात ६ क्रमांकाचा दोर टाकला तर दिवसभर दगडच हाती लागतील.

तळठाव

हा मुद्दा रास्त आहे. उथळ पाण्यात तरंगता दोर आणि थोडे वजन असलेली फ्लाय पुरे. मी सवयीने डोहाचा विचार केला.

खंड्या

विराम आणि वेग या वादावर दोन दिवस विचार केला. उलटीधार म्हणतात ते एका अर्थी खरे आहे : धडधाकट मिनो थांबत नाही. पण ट्राउटला धडधाकट मिनो हवाच कशाला? कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले होते की मिनोची त्वचा फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि ते जाणवताच बाकीचा थवा घाबरून पांगतो किंवा दडी मारतो. मागे उरतो तो जखमी, एकटा मासा, जो थोडा पळतो, कलंडतो, पुन्हा सावरतो. स्ट्रीमर नेहमी एकटाच असतो. तेव्हा त्याने निरोगी माशाचे सोंग घेण्यापेक्षा या उरलेल्या माशाचे घ्यावे, हे मला अधिक पटते.

आता प्रश्न राहतो की विरामात फ्लाय नेमके काय करते. इथे पिसारा यांचा मुद्दा माझ्या मुद्द्याला येऊन मिळतो, आणि आधी मी तो दुर्लक्षिला होता. डोक्याशी वजन असलेली फ्लाय विरामात नाकाने खाली जाते. वजन नसलेली फ्लाय जागीच तरंगून आडवी होते आणि ट्राउटला तिची पूर्ण बाजू दिसते. सशाच्या पट्टीची वळवळते. आणि ताठ फ्लाय विरामात निव्वळ मरते. ‘थांबा’ हा माझा सल्ला ताठ फ्लायला दिला तर तो चुकीचाच ठरणार. उलटीधार यांची फ्लाय कशी असते, हे त्यांनी सांगावे.

उलटीधार

हसू आले, कारण माझी नेहमीची फ्लाय हरणाच्या शेपटीच्या केसांची, बरीच दाट आणि सरळ. ती थांबली की खरोखरच काडी होते. वेग वाढवल्याशिवाय ती मासा फसवूच शकत नाही, हे मला आजवर या दृष्टीने सुचले नव्हते. तरीही गढूळ, चढत्या पाण्यात मी वेगाच्याच बाजूला राहीन. तिथे माशाला फ्लाय दिसते त्यापेक्षा पार्श्वरेषेतून, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या, पाण्याची कंपने टिपणाऱ्या रेषेतून, तिची हालचाल अधिक जाणवते, आणि ठसठशीत, काळी, पाणी ढकलणारी फ्लाय सतत चालू असावी लागते.

पिसारा

पकड न लागण्याविषयी एक राहिले. तो ‘ओझरता स्पर्श’ झाला तेव्हा आपण काठी वर उचलली का?

संथपाणी

होय, सवयीने उचलली.

पिसारा

मग तो मासा आपणच घालवला. तरंगत्या किड्यावर काठी उचलणे योग्य, कारण तिथे दोर सैल असतो. स्ट्रीमरवर काठीचे टोक पाण्याला टेकलेले आणि फ्लायच्या रोखाने असावे, म्हणजे हाताची प्रत्येक ओढ थेट फ्लायपर्यंत पोहोचते. आणि धक्का जाणवला की काठी न हलवता दोराच्या हातानेच लांब, ठाम ओढ द्यावी. मासा चुकला तर फ्लाय जेमतेम हातभर पुढे जाते आणि तो पुन्हा घेऊ शकतो. काठी उचलली तर फ्लाय त्याच्या डोक्यावरून उडून जाते. ही सवय मोडायला मला एक संपूर्ण हंगाम लागला.

फ्लाय टिपेटला घट्ट गाठीने न बांधता सुटा फास राहील अशा गाठीने बांधावी. डोके मोकळे हलते. शेपूट गळाच्या मागे फार लांब असेल तर मासा शेपूटच ओढतो. मागे दुसरा गळ जोडण्याचा उपाय आहे, परंतु काही पाण्यांवर एकाच गळाची परवानगी असते आणि दोन गळांनी माशाला इजाही जास्त होते, म्हणून मी शेपूट आखूड करतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा सोडताना त्याचा उपयोग होतो आणि जड डोळ्यांची फ्लाय कधी आपल्याच मानेत रुतली तर त्याहून जास्त होतो. चष्मा आणि टोपी विसरू नये.

संथपाणी

तीन आठवड्यांनी परत येत आहे. बादलीचा प्रयोग केला. माझी फ्लाय बादलीत पेन्सिलीसारखी पडून राहिली, हे मान्य करताना थोडे वाईट वाटले. त्यानंतर त्याच रंगसंगतीत दोन नव्या बांधल्या : शेवाळी पाठीसाठी सशाची अरुंद पट्टी, खाली विरळ पांढरे केस, इपॉक्सी नाही, डोळे रंगाचे दोन ठिपके. एकीच्या डोक्याशी मण्यांची साखळी बांधून थोडे वजन दिले, दुसरी वजनाविना ठेवली. लांबी दोन्हींची ६ सेंटिमीटर.

त्याच पट्ट्यात तीनदा गेलो. पहिल्या दिवशी ऊन कडक होते, पाठलाग चार झाले आणि पकड एकही नाही. दुसऱ्या दिवशी ढग होते, पाणी ११ अंश सेल्सिअस. वजनाविना असलेली फ्लाय समोरच्या काठाशी टाकून, दोर उलटून, दोन ओढी आणि विराम असे चालवले. पहिला मासा मागे आला तेव्हा थांबण्याचे धैर्यच झाले नाही, हात आपोआप खेचत राहिला आणि तो वळला. दुसऱ्याच्या वेळी थांबलो. फ्लाय आडवी झाली, सशाचे केस फुलले, आणि ट्राउट तिच्या बाजूने येऊन डोक्याकडून घेऊन गेला. मी काठी उचलली नाही. ४१ सेंटिमीटरचा ब्राउन होता. त्या दिवशी आणखी दोन मिळाले, दोन्ही विरामात.

तिसऱ्या दिवशी मात्र पाऊस पडून गेला होता आणि पाणी चहासारखे झाले होते. विरामावर काहीच घडेना. उलटीधार यांचे स्मरण करून काळी, दाट फ्लाय वरच्या अंगाला टाकली आणि खाली पळवत आणली, तेव्हा एकाने ती इतक्या जोराने घेतली की दोराने बोट कापले.

एक शंका उरली आहे. सशाच्या पट्टीची फ्लाय दुसऱ्या खेपेपर्यंत पेटीत गंजली होती आणि कातडी कुजकट वासाला लागली होती. हे कसे टाळावे?

पिसारा

ओली फ्लाय बंद पेटीत ठेवू नये. कातडी पाणी धरून ठेवते आणि शेजारच्या चार गळांनाही गंज देते. टोपीच्या कडेला किंवा पिशवीबाहेरच्या लोकरीच्या तुकड्यावर खोचून ठेवावी, घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी. उन्हात वाळवल्यास कातडी कडक होते. गंजलेल्या गळाचे टोक नखावर घासून पाहा, घसरले तर ती फ्लाय फेकावी. आणि पट्टी कापताना ब्लेड कातडीच्या बाजूने चालवावे, केस मधून तुटत नाहीत.